तिसऱ्या गाळ्यावरची अकरा वर्तुळं

४ फेब्रु. २००३, मंगळ.
...आणि त्या सकाळी मी बाजरीचं पीठ चाळत होते. दूध वर आलं म्हणून उठले, तर ह्यांच्या हातातली कपबशी वाजत होती. मी म्हटलं, "पुलाची थरथर घरी आणलीत वाटतं." हे हसले. डबा घेतला, हातोडी घेतली, गेले.
चार दिवसांनी अर्धांगाचा झटका, त्यातच हे गेले. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही जाणवलं होतं का. मी नाही म्हटलं. तीन वर्षं होऊन गेली.
आज काशिनाथ भाऊजी आले होते, ह्यांच्या गँगचे मुकादम. नदीवरचा जुना रेल्वे पूल काढतायत. तिसरा गाळा, दोन खांबांमधला भाग, उतरवून काठावर ठेवलाय, सोमवारपासून कापणार. म्हणाले, "वहिनी, त्याच्यावर दादाचं अक्षर आहे. कामावरच्या शेवटच्या दिवसाचं." पूल जाणार म्हणून पुन्हा रंगवलाच नाही.

५ फेब्रु.
ह्यांचं काम रिबिटं, पुलाचे पत्रे जोडणारे खिळे, तपासायचं. रिबिटाच्या डोक्याच्या एका बाजूला बोट, दुसरीकडून हातोडी. सैल असलं तर बोटाला थरथर लागते. मग पांढऱ्या रंगाचं वर्तुळ, शेजारी तारीख. ह्यांच्या कामाच्या वह्या गिरवूनच मी वाचायला शिकले.
वाचनालयातून पूल बांधण्यावरचं पुस्तक आणलं. कैचीचा पूल म्हणजे त्रिकोणांची रांग. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण नाही. हे ह्यांनी खराट्याच्या काड्या बांधून दाखवलं होतं मला. सुटे भाग विलायतेहून बोटीने यायचे, नंबर टाकलेले. इथे जोडायचे. रिबिट लाल करून ठोकायचं. गार होताना ते आकसतं, दोन पत्रे आवळून धरतं.
दोनदा वाचलं.

६ फेब्रु., गुरु.
भाऊजी पुन्हा आले. चहा गार झाला तरी घेईनात. मग म्हणाले, त्या शेवटच्या दिवशी दादाने अकरा वर्तुळं केली, एवढी कधी नसतात. "मी नंतर तपासली, वहिनी. एकही सैल नव्हतं." दादाच्या कामाला बोल लागायला नको म्हणून कुणाला सांगितलं नाही.
म्हणजे थरथर ह्यांच्या बोटातच होती. आणि मी कपबशीवर चेष्टा...

८ फेब्रु., शनि.
लेक सुमन सातपूरहून आली. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, कळलं असतं तरी तू काय केलं असतंस?"
दवाखान्यात नेलं असतं. चार दिवस होते.
एक आठवलं. हे नेहमी म्हणायचे, काश्याच्या बोटाला विंचू चावला तरी कळायचं नाही. भाऊजींचं चुकलं असेल का? अकराच्या अकरा?

९ फेब्रु., रवि.
भाकरी टाकल्या. सुमनला बाजारात जाते म्हटलं. पिशवीत ह्यांची हातोडी घेतली, नदीवर गेले. वर्तुळं आहेत. तारखेतला नऊ ह्यांचाच, लांब शेपटीचा. बोटाला थरथर लागली तर ह्यांचं खरं, नाही तर भाऊजींचं. पहिल्या रिबिटाला बोट लावलं आणि हातोडी मारली.