इंटरव्हलनंतरची माझी सीट

४ नोव्हेंबर, मंगळवार

इंटरव्हलनंतर फसवल्या गेलेल्या प्रेक्षकहो!

सुरुवात जमली. आरशासमोर म्हणून पाहिली. ‘फसवल्या’वर आवाज चढवायचा, ‘प्रेक्षकहो’वर खाली आणायचा. पुढे असं: तुमच्या डोळ्यांदेखत गुरूचा खून झाला. शिष्याने मूठ आवळून शपथ घेतली. तुम्ही खुर्चीचे हात घट्ट धरलेत. दिवे लागले, तुम्ही कॉफी पिऊन परत आलात, आणि मिळालं काय? अंगण झाडणारा नायक! सूड कुठे आहे? गुरू कुठे आहे?

सभा शुक्रवारी, एकवीस तारखेला. थिएटरच्या लॉबीत, तीनचा खेळ सुटल्यावर. मागणी एकच: हा उत्तरार्ध मागे घ्या.

हिने विचारलं, तुम्ही पाहिलात का तो उत्तरार्ध? मी म्हटलं, ज्या मशीनला कधी हात लावला नाही, त्या मशीनवरच्या कामगारांसाठी मी तीन संप जिंकलेत. ही म्हणाली, दोन. आणि तिसऱ्यात तुम्हाला ताप होता.

पूर्वार्ध मात्र रोज पाहतो. अभ्यास म्हणून. इंटरव्हलला निघतो तो गुडघ्यामुळे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खेळ सुटताना जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून मतं घेतली. औषधवाला म्हणाला, पुलावरची मारामारी एक नंबर. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणाला, पूल कुठला, ती होडी होती, आणि मारामारी नाहीच, नुसते एकमेकांकडे बघत बसतात, माझ्या क्लासमधल्या नवरा-बायकोसारखे. दातांचे डॉक्टर म्हणाले, झोप लागली, पण हल्ली इतकी चांगली झोप कुठे मिळते हो? शिंपीणबाई नुसत्या नाक पुसत गेल्या.

चार साक्षीदार, चार उत्तरार्ध. किती विस्कळीत सिनेमा आहे याला आणखी काय पुरावा हवा?

एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. गुरू परत येत नाही.

हे अशक्य आहे. मी जगभरातल्या सूडकथा वाचल्यात, या विषयावर तीन तास बोलू शकतो, बोललोही आहे. पुस्तकात काय व्हायचं ते होवो. मार्शल आर्टच्या सिनेमात मेलेला गुरू परत येतोच. खलनायक नायकाच्या छातीवर पाय ठेवतो, आणि धुक्यातून काठीचा आवाज येतो. ठक्. ठक्. ठक्. मेलेलाच नसतो तो. असे कित्येक सिनेमे मला तोंडपाठ आहेत.

म्हणजे, धाकट्याकडून तोंडपाठ आहेत. नोंद अचूक असावी म्हणून लिहितो. वडील गेले त्या वर्षापासून आम्हा दोघा भावांत मिळून एकच तिकीट असायचं. पूर्वार्ध माझा, कारण मी मोठा. इंटरव्हलला मी डोअरकीपरकडून बाहेर जायचा पास घ्यायचो. बाजूच्या फाटकाच्या कठड्याशी धाकटा उभा असायचा. त्याला पास द्यायचो, तो माझ्या सीटवर जाऊन बसायचा. आईने एकाच ताग्यातले शर्ट शिवले होते, त्यामुळे अंधारात कोणाला कळायचं नाही. मग अंथरुणात तो मला उत्तरार्ध सांगायचा, मारामारीच्या आवाजांसकट. मी त्याला पूर्वार्ध सांगायचो, पण माझं सांगणं म्हणजे भाषणच. तो म्हणायचा, दादा, खून लवकर कर.

पुढे दोघांना नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. पद्धत मात्र मोडली नाही. वेळ कोणाला असतो दोन्ही अर्ध्यांसाठी?

धाकटा गेला त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्याचा इथे संबंध नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गंभीर प्रकार.

दातांचे डॉक्टर भेटले. म्हणाले, परवा तुम्हाला फार लागलं ना मनाला? जाग आली तेव्हा तुम्ही हुंदके देत होतात. मी म्हटलं, परवा त्या वेळी मी घरी होतो. ते म्हणाले, असं कसं? तीच कोपऱ्याची सीट, तोच तपकिरी कोट.

औषधवाल्यालाही विचारलं. तोही म्हणाला, काल तुम्ही मध्येच हसलात ते ऐकलं मी.

निष्कर्ष उघड आहे. मी उठलो की थिएटरवाले माझी सीट परत विकतात! एका तिकिटावर दोन माणसं! जगात असा अन्याय आजवर कोणी केला नसेल.

(लिहून झाल्यावर वरची ओळ पुन्हा वाचली. तपशील वेगळा आहे. आम्ही लहान होतो.)

भाषणात नवा परिच्छेद घालणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

डोअरकीपरला खडसावलं. म्हातारा शांत. म्हणाला, साहेब, सीट कोण विकणार? अर्ध्या रिकाम्याच असतात. मग म्हणाला, पण तुम्ही घरी जायचं तर बाहेरचा पास रोज कशाला घेता?

प्रश्न बिनबुडाचा आहे. सवय असते माणसाला. पास घेतो, फाटकापर्यंत जातो, कठड्यावर ठेवतो आणि घरी येतो. कचरापेटी जवळ नाही म्हणून ठेवतो.

आज पास ठेवून पंधरा पावलं गेलो नसेन, मागे वळून पाहिलं. कठडा रिकामा. आणि फाटक हलत होतं.

वारा असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वारा नव्हता. हिला विचारलं. कपडे वाळत घातले होते तिने, हललेसुद्धा नाहीत म्हणाली.

तपकिरी कोटाचा विचार केला. तसे कोट या गावात दोनच. धाकट्याच्या लग्नात एकाच कापडाचे शिवले होते. एक माझ्या अंगावर आहे. दुसरा धाकट्याच्या कपाटात.

मी विवेकवादी माणूस आहे. भुताखेतांविरुद्ध माझी भाषणं गाजली आहेत. दिवा चालू ठेवून झोपणार आहे, पण ते वाचनासाठी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

औषधवाल्याकडे गुडघ्याचा मलम आणायला गेलो. त्याने पुडी बांधता बांधता सांगितलं, मंगळवारी तुमच्या मागच्याच रांगेत होतो. गुरू मेलाय, शिष्य एकटाच बसलाय, सगळे कंटाळलेत, आणि तुम्ही आपले पुटपुटताय. मी विचारलं, काय पुटपुटत होतो? तो म्हणाला, येईल बघ आता. मेलेला नाही तो.

मलम दुकानातच विसरलो.

हे वाक्य माझ्या आणि धाकट्याच्या अंथरुणाबाहेर कधी गेलेलं नाही. मी तरी कोणाला सांगितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

निश्चय! भ्यायचं नाही. पकडायचं. शुक्रवारी इंटरव्हलनंतर मी परत आत जाणार, डोअरकीपरची बॅटरी घेणार, आणि माझ्या सीटवर कोण बसतं ते सर्वांसमोर उजेडात आणणार. तिथूनच सभेला सुरुवात. संपाच्या काळात मी गेटवर असाच फितूर पकडला होता. (तो पेपर टाकणारा निघाला. तत्त्व तेच.)

ही म्हणाली, जरा धाकटीकडे जाऊन या. धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. थिएटरच्या मागच्या गल्लीत एकटी राहते, शिकवण्या घेते. म्हटलं, सभेनंतर जाईन. ही म्हणाली, वर्षभर कुठली ना कुठली सभाच चालली आहे तुमची.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सविस्तर लिहायला हात चालत नाही. तरी लिहितो.

पूर्वार्ध पाहिला. गुरू मेला. पास घेतला, कठड्यावर ठेवला, आणि तिकीट खिडकीच्या आडोशाला उभा राहिलो. घंटा झाली. दिवे गेले. डोअरकीपरने बॅटरी दिली, वर म्हणाला, साहेब, सांभाळून, आत पायऱ्या आहेत. आत गेलो.

सीटवर कोणीतरी होतं. तपकिरी कोट. कॉलर वर केलेली. धाकटा अशीच करायचा.

पकडायचं होतं. ओरडायचं होतं. ‘प्रेक्षकहो’ इतकं तरी म्हणायचं होतं. तोंडातून फक्त ‘आलास का रे?’ एवढंच निघालं. बॅटरी हातातून पडली, गडगडत पडद्यापर्यंत गेली. मागून ड्रायव्हिंग स्कूलवाला ओरडला, अहो काका, गाडी बाजूला घ्या!

कोटातून धाकटी म्हणाली, भाऊजी, बसा ना. लोक बघतायत.

बसलो नाही. बाहेर आलो. ती मागोमाग आली. लॉबीत सभेला आधीच चार जण जमले होते, त्यातले दोघे छत्री शोधत होते. मी सभा तहकूब केली. कोणी कारण विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धाकटी घरी आली. कोट घडी करून आणला होता. हिने तिला जवळ बसवलं. मी खिडकीशी उभा.

तिने सांगितलं, शिकवणीच्या खिडकीतून कठडा दिसतो. तुम्ही पास ठेवून, जरा थांबून निघून जायचात ते रोज बघायचे. मग एक दिवस उचलला. हे गेल्यावर उत्तरार्धाची जागा मोकळी राहते ते बरं वाटेना. कोट घातला कारण आत गार असतं. मग म्हणाली, खरं म्हणजे त्याला अजून त्यांचा वास येतो.

मी विचारलं, मग सांग तरी, काय होतं पुढे?

तिने सांगितलं. साधं, आवाज न काढता. शिष्य खुन्याला शोधून काढतो. खुनी म्हातारा झालेला असतो. पुलावर भेटतात, हात उचलतात, आणि काही होत नाही. शिष्य परत येतो, गुरूचं अंगण झाडतो, रोज पहाटे सरावाला दोन चटया अंथरतो. एकीवर स्वतः, दुसरी रिकामी. शेवटपर्यंत रिकामी. बस्स.

मी म्हटलं, आणि गुरू? धुकं? काठी?

ती म्हणाली, नाही येत भाऊजी. मेलाय तो.

मी म्हटलं, तू नीट पाहिलं नसशील. या सिनेमांत गुरू परत येतो. धाकट्याने मला सगळे सांगितलेत.

तिने कोटाची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाली, लग्नानंतर एकदा आम्ही दोघांनी एक अख्खा सिनेमा पाहिला. त्यातही गुरू मेलेलाच होता. घरी येताना यांनी तुम्हाला फाटकावर सांगितलं, दादा, जिवंत निघाला बरं का! मी म्हटलं, अहो, काय सांगताय? तर माझा हात दाबला. नंतर म्हणाले, दादाला सांगू नकोस. बाबा गेले तेव्हापासून त्याला मी असेच सांगत आलोय.

म्हणजे एकही गुरू कधी परत आला नव्हता.

ही आत जाऊन भांडी आवरायला लागली. भांडी घासून झालेली होती.

जाताना मी धाकटीला म्हटलं, सिनेमात तरी पुटपुटत जाऊ नकोस, मागच्यांना ऐकू जातं. ती म्हणाली, मी? मी तोंडसुद्धा उघडत नाही. मी म्हटलं, मंगळवारी, अकरा तारखेला. ती म्हणाली, मंगळवारी माझ्या शिकवण्या असतात सातपर्यंत. मंगळवारी मी कधीच गेले नाही, भाऊजी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

औषधवाल्याला पुन्हा विचारलं. मंगळवारच. त्या दिवशी दुकान बंद होतं, म्हणून वार पक्का आठवतो म्हणाला.

थिएटरवर बोर्ड लागलाय. उद्या शेवटचा खेळ. माझ्या आंदोलनाचा विजय समजायला हरकत नाही. डोअरकीपर म्हणाला, प्रेक्षकच नाहीत, साहेब.

अंतिम निश्चय: उद्या मी उठणार नाही. इंटरव्हलला खुर्चीला चिकटून बसणार. एकदा तरी अख्खा उत्तरार्ध या डोळ्यांनी पाहणार, रिकाम्या चटईसकट. खरं काय ते सोसलं पाहिजे, हे आयुष्यभर लोकांना सांगत आलो. भाषण फाडून टाकलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गुरू मेला. दिवे लागले.

बसलो होतो. खरंच बसलो होतो. डॉक्टर मागून म्हणाले, आज कॉफी नाही? मान हलवली. मग माणसं परत येऊ लागली, आणि एकदम वाटलं की मी दुसऱ्याच्या जागेवर बसलोय.

गुडघा दुखत नव्हता. तरी उठलो. म्हाताऱ्याने न मागता पास दिला.

हे फाटकाशी उभा राहून लिहितोय, तिकिटाच्या मागच्या बाजूला, घरी उतरवून घेईन. धाकटीची खिडकी दिसते, आत मुलं पाढे म्हणतायत. गल्लीत कोणी नाही. आत घंटा झाली.

धाकट्या, खून झालाय, या वेळी मी लवकर केला. पास कठड्यावर ठेवलाय. मी पाठ करून उभा आहे, बघणार नाही. उचल आणि आत जा.