रोलर भिंगरीला, बाकी उरलेल्यांना

लिहून ठेवणार मी, धंद्याने रोलर ड्रायव्हर, आता निवृत्त. गल्लीत जिला सगळे रोलरवाली म्हणतात ती. माझ्या माघारी कोणी एकमेकांच्या झिंज्या उपटू नयेत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांनी तसे पुन्हा पुन्हा विचारून घेतले. त्यांचे आहे का, हे मी विचारले नाही. गुडघे मात्र दोन्ही कामातून गेले आहेत.

याआधीचे मृत्युपत्र रद्दबातल समजावे. त्यात माझ्या एकुलत्या एक चिरंजीवांना मी फक्त छत्री दिली होती, तीही मोडकी. कारण, लग्न ठरताना त्यांनी सासरच्यांना सांगितले, "आई बांधकाम खात्यात साहेब आहे." साहेब! ज्या रोलरने तुला खाऊपिऊ घातले, त्याचे नाव घ्यायला जीभ झडली होती का? परंतु गेल्या रविवारी जे घडले ते पाहून छत्रीचे कलम मी काढून टाकत आहे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व मागचे अंगण, सूनबाई व चिरंजीव यांच्या नावे. सूनबाईचे नाव आधी लिहावे. दोघांचे भांडण झाल्यास खोल्या तिच्या, अंगण त्यांचे.

कलम दुसरे. शिलाई मशीन धाकट्या दिरांना. माझा नवरा गेला तेव्हा ते त्यांनी "चार दिवसांसाठी" नेले होते. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. आता रीतसर देऊन टाकते, म्हणजे निदान चोरीचा माल ठेवल्याचे पाप तरी लागणार नाही. त्याचे चाक फिरवणारा पट्टा माझ्याकडे आहे, तो मिळणार नाही.

कलम तिसरे. बँकेत जे असेल ते नातीच्या औषधपाण्याला. उरल्यास तिने उधळावे, बापाला विचारू नये.

कलम चौथे, रोलर. नवरा गेल्यावर ठेकेदार म्हणाला, "खडी फोड." मी म्हटले, "रोलर दे." जन्मभर तोच चालवला आणि भंगारात निघाला तेव्हा मीच घेऊन अंगणात उभा केला. हा रोलर माझी नात भिंगरी हिचा. का, ते लिहिणे भाग आहे, नाहीतर म्हातारीला चळ लागला म्हणत दीर कोर्टात जातील.

भिंगरी नऊ वर्षांची. हृदय जन्मापासून नादुरुस्त, जीभ मात्र ठणठणीत. दवाखान्यात तिला खाटेवरून उतरायची बंदी, म्हणून खाटेखाली शी-शूचे स्टीलचे भांडे. त्या भांड्याइतका राग तिला सुईचाही नाही. आजारी मुलांची एखादी इच्छा पुरी करणारी एक संस्था आहे, तिथल्या बाई एकदा आल्या. म्हणाल्या, विमानात बसशील? समुद्र बघशील? एखाद्या नटाला भेटशील?

भिंगरी म्हणाली, "आजीचा रोलर चालवायचाय. आणि हे भांडं त्याच्याखाली घालायचंय."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "बाळा, दुसरं काही नको? नट नको?"

"नटाला घालू देणार का रोलरखाली?"

संस्थेच्या नियमात ते बसेना. चिरंजीव तर थंड पाणीही फुंकून पिणारे. "डोकं फिरलंय तुम्हा दोघींचं!" म्हणून ओरडले. पण ऑपरेशनआधी डॉक्टरांनी पोरीला अर्धा दिवस घरी सोडले, एका जागी बसून राहायच्या अटीवर. मी म्हटले, रोलरवर तरी कोण नाचतं?

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नवा माणूस पहिल्यांदा रोलरवर बसला की शिकवणाऱ्याने चाकापुढे उलटे चालायचे, तोंड ड्रायव्हरकडे. मागे वळून बघायचे नाही. विश्वास नसेल त्याने शिकवू नये. मी पोरीशेजारी बसले, पण पुढे चालणार कोण? सूनबाईने बाह्या सरसावल्या. भिंगरी म्हणाली, "आई नको. बाबा चालू दे. तो भित्रा आहे, म्हणजे मी जपून चालवीन."

चिरंजीव आत गेले. मला वाटले, पळाले. ते आले ते स्कूटरचे हेल्मेट घालून, आणि चाकापुढे उभे राहिले. हेल्मेटच्या आत ते रडत होते असे सूनबाई सांगते. ते म्हणतात, धूर गेला.

आम्ही शहाण्यांनी चाकापुढची चार पावलेच वाट साफ केली होती, त्यापलीकडे चालणाऱ्याच्या टाचेमागे काय आहे ते कोणी बघितलेच नाही. तिथे अंगणासाठी मीच आणलेल्या खडीचा ढीग. चिरंजीव दाणकन बुडावर! माझा हात गिअरच्या दांड्याकडे गेला, तर दांडा आधीच मधे ओढलेला, रोलर थांबलेला.

"बाबा, ऊठ," भिंगरी म्हणाली. "मी थांबलेय."

ते उठले, ढिगाला वळसा घातला आणि मागे न बघता पुन्हा उलटे चालू लागले. रजा टाकून आलेल्या इच्छापूर्तीवाल्या बाईंनी दवाखान्यातून मागून आणलेले ते भांडे स्वतःच्या हाताने चाकापुढे ठेवले. ते कुरकुरत चपटे झाले. पोरगी धाप लागेपर्यंत हसली आणि आम्ही सगळे घाबरून तिच्यावर ओरडलो.

भिंगरी सज्ञान होईपर्यंत रोलर चिरंजीवांनी सांभाळावा. उद्या तिचे ऑपरेशन आहे. मला भीती वाटते, फार वाटते.

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, एक वाक्य घालावं लागतं. नात तुमच्याआधी गेली तर रोलर कुणाला?"

"कुणालाच नाही."

"पण समजा..."

"समजत नाही. वाक्य घालायचं नाही, आणि जागाही कोरी सोडायची नाही."

सबब ते वाक्य या मृत्युपत्रात नाही. नजरचुकीने राहिलेले नाही. वय माझे, पाळी माझी. मधे घुसलेले मी कोणाचेही चालवून घेणार नाही, नातीचेसुद्धा.

ठिकाण: माझी मागची खोली.
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस, मंगळवार.

सही: रोलरवाली

आमच्यासमोर सही केली:
१. शेजारचा न्हावी
२. इच्छापूर्तीवाल्या बाई (खासगी नात्याने, संस्थेचा संबंध नाही, असे लिहायला लावले)