ह्यांच्या शर्टांवरची धूळ

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. श्वास अपुरा पडतो; डोकं शाबूत आहे.

एक. राहतं घर माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात पती त्यात हयातभर राहतील, नंतर ते मुलीचं. "आमच्याकडे चला" म्हणून ह्यांना कोणी हलवू नये. ह्यांना परक्या घरात झोप लागत नाही.

दोन. शिलाई मशीन आणि मोठी कात्री मुलीला. कात्रीने कागद कापल्यास हे कलम रद्द समजावं.

तीन. धाकट्या दिरांना काही नाही. कारण लिहून ठेवते. हे तीस वर्षं सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. धुळीने माखलेले शर्ट मी घरी झटकून धूत असे. गेल्या वर्षी माझ्या छातीत पाणी झालं. पहिल्या तपासणीत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग निघाला, तो तसल्या धुळीने होतो असंही कळलं. तेव्हा दीर भरल्या घरात म्हणाले, "दादा, वहिनीला तुझे कपडे भोवले." त्या दिवसापासून हे माझ्या नजरेला नजर देईनात.

चार. माझ्या छातीतून तपासणीला काढलेला तुकडा प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंकडे राहावा, शिकणाऱ्यांना दाखवावा. बाईंना पहिला निकाल पटला नाही. त्यांनी तो तुकडा पुन्हा तपासला आणि आम्हाला बोलावलं.

"काकू, लाळेच्या ग्रंथींत होतो तसला कर्करोग आहे हा. फुप्फुसाच्या आवरणात फार क्वचित सापडतो."

"जन्मभर दोरा थुंकीने ओला केला, म्हणून?"

"नाही हो," त्या हसल्या.

ह्यांनी विचारलं, "मग माझ्या शर्टांमुळे?"

"काका, हा कशाने होतो ते आम्हालाही ठाऊक नाही. पण त्या धुळीवर बोट ठेवता येत नाही."

हे जिन्यात बसून हुंदके देत रडले. तरी अजून म्हणतात, "बाईंनी माझं मन राखलं."

पाच. म्हणून कायद्याच्या कागदावर लिहिते: माझ्या आजाराचा दोष ह्यांच्या माथी कोणीही मारू नये, ह्यांनी स्वतःसुद्धा. ते शर्ट मी कुरकुरत धुतले. पण दुसऱ्या कोणाचे धुतले नसते.

वरील मजकूर मी ह्यांना वाचून दाखवला. "धाकट्याचं कलम काढ," एवढंच म्हणाले. काढलेलं नाही. मी सही करताना ह्यांनी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.

सही: लिहून देणार, ह्यांची बायको

साक्षीदार:
१. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई (सही)
२. तळमजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)

स्थळ: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: बारा फेब्रुवारी, सकाळी