लेक व्ह्यू, तिसरा मजला

३० मार्च, गुढीपाडवा
संकल्प केला. येत्या चतुर्थीचा गणपती तळमजल्यावर, अंगण असलेल्या घरात. बायकोचे, लीलाचे, गुडघे तिसऱ्या मजल्याला कंटाळले आहेत. लिफ्टसाठी बिल्डरने जागा सोडली आहे, तिथे वॉचमन सायकल लावतो. हा फ्लॅट विकायचा, खालचं घर घ्यायचं. एजंट नको. पंचायत समितीत जन्म गेला माझा, माणसं ओळखतो. लीलाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बघूया." तिचा हा शब्द मला आवडत नाही.

२ एप्रिल
जाहिरात स्वतः लिहिली. 'सावंतवाडीत मोती तलावाजवळ लेक व्ह्यू फ्लॅट. चोखंदळांनीच फोन करावा.' गॅलरीच्या उजव्या टोकाला उभं राहून जरा वाकलं की तलाव स्वच्छ दिसतो. वाकण्याचा उल्लेख केला नाही. ज्याला तलाव हवा, तो वाकेल.

६ एप्रिल
तळमजल्यावरचे भाई वर आले. निवृत्त मास्तर, एकटेच असतात, रोज तलावाला फेरी मारतात. तीन मजले चढून आले तरी दम लागला नाही. म्हणाले, "माझो खालचो फ्लॅट तुमी घेवा, तुमचो माका देवा. वयनींचे पाय सुटतीत, माका तळा दिसात." वर पैसेही नकोत म्हणे. अरे वा! त्यांच्या दारापुढे हातभर अंगण, एक तुळस आणि समोर कंपाउंडची भिंत. त्यासाठी मी लेक व्ह्यू सोडायचा? हसून वेळ मारून नेली. लीलाने त्यांना दोनदा चहा दिला. उगाच.

१३ एप्रिल, रविवार
लीलाच्या हट्टाखातर गावी, इन्सुलीला. अदलाबदल करावी का, म्हणून देवाला कौल लावला. महादू गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाषाणाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली. म्हणजे होकार. देवाला लेक व्ह्यूचं नीट सांगितलं गेलं नसावं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा उजवी. वारा होता. दार लोटून घेतलं. तिसऱ्यांदा डावी! महादू चिडला, "पयलो कौल तोच कौल. देवाची उलटतपासणी करूची नसता." पण डावी ती डावी. भाईंना तसं कळवलं. देवापुढे आपण कोण?
लीला एसटीत शेवटपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. ऊन लागलं असावं.

४ मे
पहिलं गिऱ्हाईक. विराज आणि त्याची बायको, दोघं गोव्यात नोकरीला. आळीपाळीने वाकून तलाव पाहिला. "कळवतो" म्हणाले. हा भाव पाडायचा डाव. आपण फोन करायचा नाही.

११ मे
फोन नाही. चिवट आहेत.

२५ मे
लीलाने दुसऱ्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. भाजीची पिशवी घेऊन तिथे बसते. म्हटलं, गिऱ्हाईक काय म्हणेल? कोणी येणार असेल त्या दिवशी स्टूल उचलायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

७ जून
स्टूल उचलायचं राहिलं. खारेपाटणचे काजू व्यापारी गंगाराम आले, सोबत आई नर्मदाबाई. म्हातारी दुसऱ्या मजल्यावर स्टुलावर टेकली ती वर आलीच नाही. मी डगमगलो नाही. दुकानदार भारी साडीआधी साधी दाखवतो. मी स्वतः दोघांना खाली नेऊन भाईंचा फ्लॅट दाखवला. म्हटलं, हा बघा, म्हणजे वरच्याची किंमत कळेल. म्हातारी तुळशीपाशी बसून राहिली. गंगाराम भाईंशी बराच वेळ बोलत होते. माझी युक्ती बरोबर लागू पडली.

२९ जून
गंगारामचा फोन नाही. मासा गळाला लागलाय, ढील द्यायची. लीला म्हणाली, "अजून भाईंका इचारा. पाया पडतंय तुमच्या." म्हटलं, आषाढात कोणी घराचा व्यवहार करतं का? श्रावण लागू दे.

२६ जुलै
श्रावण लागला. मोठ्या मनाने भाईंकडे उतरलो. म्हटलं, चला, अदलाबदल मान्य. भाई खोकी बांधत होते. त्यांनी फ्लॅट गंगारामना दिला, रजिस्ट्रेशनसुद्धा झालं. आषाढात! भाई वैभववाडीला भावाकडे चाललेत. म्हणाले, "मी तुमची खूप वाट बघलंय. पण तुमीच सांगलास, देवान डावो कौल दिल्यान."
लीलाला सांगायला वर निघालो. दुसऱ्या मजल्यावर स्टुलावर बसावं लागलं.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
गणपती तिसऱ्या मजल्यावरच. लीलाने मधे मधे खुर्चीवर टेकत मोदक केले. गणपतीवरची फळं-पानं टांगायची माटवी मी बांधली, ती एका बाजूला कलली आहे. संध्याकाळी लीला खाली नर्मदाबाईंकडे आरतीला गेली. आरती होऊन गेली तरी येईना, म्हणून खाली गेलो. भाईंच्या त्या तुळशीपाशी पाय पसरून बसली होती. नर्मदाबाई तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या. चल म्हटलं. म्हणाली, "आज माका परत चढूक जमाचा नाय. सकाळी येतंय. तुमी वर जावा, तळा बघीत बसा."
रागाने म्हणाली असती तर मीही चिडलो असतो. ती रागावली नव्हती. मला फार वाईट वाटलं.
वर आलो. गॅलरीत वाकून पाहिलं. तलाव दिसला.
मग आरतीला उभा राहिलो. निरांजन हातात घेतलं तर टाळ्या वाजवता येत नाहीत. टाळ्या वाजवायच्या तर निरांजन खाली ठेवावं लागतं. एरवी टाळ्या लीला वाजवते.