एन्थुझिअॅझम म्हणजे काय, आई

कोन, भिवंडी
१४ ऑक्टोबर २०२४

आई,

पाया पडते. गुडघे कसे आहेत? वज्रेश्वरीला आहेस तर कुंडात पाय सोडून बसत जा, गरम पाणी फुकटचं आहे. फोनवर तू 'बरी हाय' म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. मामाची रीमा वाचून दाखवेल. रीमा, मामीसमोर वाचू नकोस गं.

इकडे ठीक. आपल्या कुणालच्या बायकोला सातवा महिना लागला. तुझ्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आठवण काढते.

गोदामात माझ्यावर साहेबांनी शेरा मारला. काम चोख, पण एन्थुझिअॅझम कमी. म्हणजे उत्साह गं. मग ट्रेनिंगला बसवलं. तिथल्या मॅडमनी सांगितलं, शब्द मूळचा ग्रीक लोकांचा. अर्थ, आत देव असणं. माणसाच्या अंगात देव आला की ते तसं म्हणायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आपल्या कुणालची हळद आठवली, माझे हात उचललेच नाहीत.

कुणालच्या हळदीला ढोल सुरू झाला आणि तुझ्या अंगात देवी आली, दरवेळी यायची तशीच. माझ्या गोदामातल्या मुली खुर्च्यांवर बसलेल्या. एकीने मोबाइल काढला. सगळ्यांना मी सांगते की तू गुडघ्यांसाठी मामाकडे राहतेस. आता खरं काय ते लिहितेच. मी तुझा दंड धरला, तोंडावर तांब्याभर पाणी मारलं आणि म्हटलं, "पुरे कर हे नाटक."

तू थांबलीस. केस बांधलेस आणि पाहुण्यांना वाढायला गेलीस. लग्न आटोपल्यावर मामाकडे गेलीस, ती परत आलीच नाहीस.

गेल्या नवरात्रात तिकडे आले तेव्हा विचारलं, देवी का येत नाही गं आता? तांदूळ निवडता निवडता तू म्हणालीस, "तुला लाज वाटली ना बाय, तिला पन वाटली आसंल." मी चहा प्यायले आणि बस पकडली.

देवी खरी की खोटी, मला आजही कळत नाही. पण वर्षभर मान खाली घालून राबणारी तू तेवढ्या घटकेला बाबांनाही घाबरायची नाहीस. तेवढंच तुझं होतं, ते मी घालवलं. चुकले मी, आई. फार चुकले.

पुढच्या रविवारी सूनबाईची ओटी आहे. ती तूच भरायची. ढोलवाल्याला सांगितलंय. त्या मुलींनाही बोलावलंय, बघू देत. तू येशील असं वाटत नाही, तरी पाट मांडून ठेवते.

आलीस तर एकटी येऊ नकोस, देवीला घेऊन ये.

जिने पाणी मारलं ती,
नेत्रा