तिसरा मजला, समोरून

२९ डिसें., सोम.
समीरचा मेसेज. एकवीस वर्षांनी. "मने, तिसरा मजला परत वाजवतोय. १० जाने., सं. ६, गंगापूर रोड, लॉन्सवर. ये." बस, एवढंच.
कॉलेजात बाळ्याच्या तिसऱ्या मजल्यावर वाजवायचो, म्हणून बँडचं ते नाव. समीर गिटार आणि गळा, किरण बास, बाळ्या ड्रम्स, मी कीबोर्ड. लग्न ठरलं आणि मी सोडलं. कोणी सोड म्हणालं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.
हा बँड मी समोरून कधी पाहिलेलाच नाही. कायम कोपऱ्यातून. समीरची पाठ आणि बाळ्याचा एक कान.
ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता, "बघू."
आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. बघू म्हणतात.

२ जाने., शुक्र.
सटाण्याचे बापू गेले. ह्यांचे चुलते. पहाटे फोन, लगेच निघालो. मला आवडायचे बापू. दर वर्षी कांद्याच्या गोणीत वरती माझ्यासाठी पेरू ठेवून पाठवायचे. खरंच रडू आलं.
आणि परतताना गाडीत बोटं मोजली. दहावा ११ला. रामकुंडावर. म्हणजे १०ला अख्खी भावकी आमच्याकडे मुक्कामाला.
पंचवटीत घर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, काय पुण्याची जागा! सटाणा-कळवणकडचं कोणीही जावो, दहावा रामकुंडावर आणि आदल्या दिवशी गाद्या आमच्या हॉलमध्ये. अठरा वर्षं हेच. लाज वाटते लिहायला, पण बापूंचा रागही आला. आठ दिवस पुढे-मागे...

५ जाने., सोम.
सुतक. देव बंद, टीव्ही बंद. गाण्याच्या कार्यक्रमाचं तर नावच नको. मीही काढलं नाही.
मेथी निवडता निवडता बोटं ताटाच्या कडेवर चालत होती. सासूबाई: "हात का गं थरथरतोय? बीपी बघून घे."

९ जाने., शुक्र.
गाद्या उन्हात. चादरी कमी. पीठ दळून आलं. समीरला कळवलं, जमणार नाही. त्याने नुसता अंगठा पाठवला. दोन ओळी लिहायला काय जात होतं त्याचं?

१० जाने., शनि.
गेले. गेले मी!
चारपर्यंत एकवीस माणसं आलेली. चहाचं तिसरं पातेलं. पाचला सासूबाईंना म्हटलं, उद्याला दर्भ कमी पडेल, आणते. पिशवी घेतली आणि स्कूटी काढली. पंचवटीतून दर्भ आणायला गंगापूर रोडला जाणारी मी पहिलीच असेन.
दीड-दोनशे लोक. सगळे आमच्याच वयाचे, प्लास्टिकच्या खुर्च्या. मी बाजूला झाडाजवळ उभी. समीरला चष्मा, पोट. किरणच्या कमरेला पट्टा, स्टुलावर बसून वाजवतोय. बाळ्याला दुसऱ्याच गाण्यात धाप. पहिली दोन गाणी वाईट. म्हणजे वाईटच. मनात म्हटलं, ह्यासाठी खोटं बोलून आलीस?
तिसरं "यष्टी थांबा". आमचं. समीरने पहिली ओळ घेतली आणि कीबोर्ड वाजला. कोण वाजवतंय म्हणून मान वळवून शोधलं. स्टेजवर चौथं कोणी नव्हतंच. टेबलावर लॅपटॉप होता.
मग ओळखलं. ती मी होते. बाळ्याकडे टेप केलेली कॅसेट. शेवटच्या कडव्याआधी मी एक मात्रा लवकर शिरले होते तीच. तेव्हा वीज गेली आणि पुन्हा टेप करायचं राहिलं. परीक्षेपर्यंत त्या एका मात्रेसाठी झुरले होते.
ती जागा आली. मी डोळे मिटून घेतले. आणि तिघंही एक मात्रा लवकर वळले. एकमेकांकडे न बघता. माझी चूक तिघांनी पाठ केली होती.
पिशवी छातीशी धरून रडले. समोरून असे दिसतात तर ते. छान दिसतात. म्हातारे झालेत आणि छान दिसतात.
समीर माइकवर, "कीबोर्डवर मनीषा!" हात लॅपटॉपकडे. लोक हसले, टाळ्या पडल्या. मी वीस पावलांवर. हात वर करायचा होता फक्त. नाही केला. कोणी फोटो काढला तर, घरी सुतक, सासूबाई, भावकी... हात पिशवीवरच राहिला.
शेवटापर्यंत थांबले नाही. साडेसातला आमच्याच घराखालच्या दुकानातून दर्भ घेतला. वर गेल्यावर चहाचं चौथं पातेलं.

११ जाने., रवि.
रामकुंडावर सगळं नीट झालं. दुपारी मंडळी गेली. मग ह्यांनी मोबाइल पुढे केला. कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ. झाडाजवळ मी.
"ही तूच ना?"
"हो."
"सुतकात."
"हो."
"सांगायचं तरी."
"सांगितलं होतं. तुम्ही बघू म्हणालात."
ह्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा. "रडतेयस की काय ह्यात?" मी गाद्यांच्या घड्या घालायला गेले.

२७ जाने., मंगळ.
समीर: "२२ फेब्रु., पुणे. लॅपटॉप की तू? लॅपटॉप दर वेळी तीच चूक करतो. तू निदान नवीन करशील."
दिवसभर उत्तर नाही दिलं. कीबोर्ड माळ्यावर, गाद्यांच्या मागे. संध्याकाळी ह्यांना दाखवला मेसेज. वाचला. शिडी आणली, गाद्या खाली टाकल्या, कीबोर्ड काढला, स्वतः पुसला. दोन पट्ट्या मुक्या आहेत. बघू म्हणाले नाहीत!
समीरला लिहिलं, मी.

६ फेब्रु., शुक्र.
कळवणचे अण्णा इथे दवाखान्यात. ह्यांचे दुसरे चुलते, बापूंच्या पाठचे. छातीत पाणी. डबा माझ्याकडे. सकाळी पेज, संध्याकाळी मुगाचं पाणी. मधल्या वेळात सराव. हेडफोन लावून. बाहेर नुसती पट्ट्यांची खडखड, भांडी बडवल्यासारखी.

१२ फेब्रु., गुरु.
डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही.
पोळ्या लाटताना हिशेब झाला. केला नाही, झाला. आज गेले तर दहावा २१ला, दुसऱ्या दिवशी पुणे. उद्यापासून पुढे गेले तर संपलं. सुतक, गाद्या, रामकुंड. म्हणजे एक तर आजच, नाही तर २२ नंतर.
लाटणं खाली ठेवलं. मी ही अशी कधी झाले?

१४ फेब्रु., शनि.
गेले दोन दिवस अण्णांना चमच्याने भरवतेय. औषध चुकू देत नाही, पाठ चोळते, नर्सशी भांडते. सासूबाई सगळ्यांना फोनवर, "लेकीनं केलं नसतं एवढं सून करते." कान गरम होतात माझे.
आज अण्णा उठून बसले. अर्धी वाटी पेज प्यायले. माझ्याकडे बघत म्हणाले, "लय करती गं पोरी. एवढं काय हाय माझ्यात?"
आजूबाजूला कोणी नव्हतं. खोटं बोलवेना.
"अण्णा, बावीस तारखेपर्यंत थांबा."
"बावीसला काय हाय?"
"पुण्याला वाजवायचंय मला. पेटीसारखं असतं, विजेवरचं. तुम्हाला काही झालं तर मला जाता यायचं नाही."
वाटलं, संपलं, आता सगळ्या भावकीत बोभाटा होणार. मग अण्णांचे खांदे हलायला लागले. हसत होते. हसता हसता खोकला, मी पाणी दिलं, पाठ चोळली.
श्वास बसल्यावर डोळे मिटून म्हणाले, "बघू."