गल्लीचा ग्रुप सोडल्यानंतर

२ मे, सकाळ
आजपासून साधं जगायचं. परवा विहारात तृष्णेवर ऐकलं आणि एकदम पटलं. माझी सगळी तगमग जाहिरातींमुळे आहे. मोबाइलवर एक मिक्सर दिसला, तेव्हापासून आमचा धडधाकट मिक्सर मला आजारी वाटतोय. टीव्हीचं कनेक्शन बंद केलं. मोबाइलवरचे सगळे ग्रुप सोडले. यशपालनी विचारलं, आणि मॅच? म्हटलं, समाधान आतून येतं. ते म्हणाले, स्कोअर येतो का आतून?

३ मे
सासूबाई आठ तारखेला येतायत. आठ दिवस. यशपालशी लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्या इथं दोन दिवसांवर टिकलेल्या नाहीत. उजनीकाठच्या गावी परत निघताना दर वेळी म्हणतात, तुमच्याकडं नुसता गलका गं. आता गलका बंद. या वेळी राहतील. माझी आई गेल्यापासून घरात कुणी मोठं माणूस असावंसं वाटतं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

५ मे
मन शांत. शेजारच्या बजाबाईंकडे साखर आणायला गेले. मालिका चालू होती. चाळीस मिनिटं उभी होते. उभ्याउभ्या बघणं म्हणजे बघणं नव्हे.

७ मे, संध्याकाळी ६
सात रस्ता चौकातल्या ऑफिसमधून आले तर सगळ्यांची अंगणं ओली, आमचं कोरडं. नळाला दर पाचव्या दिवशी येणारं पाणी सकाळी अकरा वाजता येऊन गेलं. बजाबाई म्हणाल्या, ग्रुपवर टाकलं होतं की, लोकं कामं टाकून पळत आली. तोही ग्रुप मी सोडलाय. यशपाल दिवसभर होटगीला ड्युटीवर. पिंपात तीन बादल्या उरल्यात.
कमी पाण्यात भागवणं हाही साधेपणाच. उलट बरं झालं.

८ मे
सासूबाई आल्या. पाय धुवायला तांब्या दिला, अर्धा. त्या म्हणाल्या, हितं पाणी मापून देत्यात व्हय? मी तृष्णा सोडण्याबद्दल समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते मला ठावं हाय, तू आंघुळीचं बोल.

९ मे
सासूबाई आंघोळीला बजाबाईंकडे गेल्या. जेवून आल्या.

१० मे
पिशवीही तिकडे गेली. म्हणाल्या, राग नगं धरू, तितं पाणी हाय आन् माणसं बोलत्यात. तुझं घर लई गप हाय. यशपाल आईची चौकशी करायला गेले, ते मॅच संपल्यावर आले.
मला राग आलेला नाही. घरात पूर्ण शांतता आहे, आणि हेच हवं होतं. एकटीनं भाकरी खाल्ली. चटणी फार तिखट निघाली, डोळे पुसावे लागले.

११ मे
संध्याकाळी सासूबाई कमरेवर भरली कळशी घेऊन दारात. म्हणाल्या, किती दिस बसनार अशी, चल की. त्यांना सोबत म्हणून गेले, एवढंच. बजाबाईंकडे अर्धी गल्ली जमलेली. यशपाल आधीच खुर्चीत. जाहिराती लागल्या की उठून साधेपणावर दोन शब्द बोलायचं ठरवून गेले होते. लागल्या. उठले.
सासूबाई म्हणाल्या, राजश्री, खाली बस, टीव्ही दिसंना.
त्यांनी सरकून जागा केली. बसले.